काळ्यातली चांदी

पर्युषण पर्व पंधरा दिवसांवर आले की आपल्या घराघरांतून तिजोऱ्या आणि फडताळे उघडली जातात. पूजेचे ताट, कलश, निरांजन, अष्टमंगलाची पाटी, अत्तरदाणी, कुंकवाचा करंडा, सुनांचे तोडे, मुलींचे पैंजण, बाळाचे वाळे असे वर्षभर कापडात बांधून ठेवलेले चांदीचे सामान बाहेर येते आणि घरातल्या बायकांच्या तोंडून दरवर्षी तेच उद्गार निघतात : 'गेल्या वर्षी इतके लख्ख करून ठेवले होते, मग एवढे काळे कशाने पडले?' प्रश्न विचारला जातो, पण उत्तरासाठी कोणी थांबत नाही. चिंच, राख, रांगोळी, नाही तर दात घासण्याची पेस्ट घेऊन सगळ्या जणी घासायला बसतात. दोन-तीन तासांत चांदी पांढरी होते, हात काळे होतात आणि तो विषय पुढच्या वर्षापर्यंत मिटतो.

आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी तो मिटला नाही. चांदीच्या काळेपणावरून, किंबहुना तो काढण्याच्या आपल्या जुन्या रीतीवरून, तीन भावांच्या एकत्र कुटुंबात एक शंका उभी राहिली. शंका वजनाची होती. व्यापारी घरात पैशाची चूक एकवेळ हसण्यावारी जाते, वजनाची जात नाही. ती शंका कशी आली आणि कशी गेली हे सांगताना चांदी काळी का पडते, तिला इजा न करता घरच्या घरी ती कशी स्वच्छ करावी, आणि हे काम आपल्या आचाराला धरून कसे करता येते, हेही ओघाने सांगता येईल.

आमच्या सासूबाईंनी ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर आपल्या परिग्रहाची मर्यादा आणखी आखडती घेण्याचे ठरवले. अंगावरचे दोन-चार जिन्नस ठेवून बाकीचे सोने-रुपे त्यांनी हयातीतच मुली-सुना-नातींत वाटून द्यायचे मनात आणले. त्यात आमच्या आजेसासूबाईंचे तोडे होते. सुमारे सत्तर वर्षांपूर्वी घडवलेले, साखळीच्या जाड कड्यांचे, खिळ्याने बंद होणारे, प्रत्येक कडीच्या पाठीवर बारीक रव्यांचे फूल असलेले. हे तोडे धाकट्या दिरांच्या मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला द्यायचे ठरले. देण्यापूर्वी वजन करावे, ही आपली रीतच. आजेसासऱ्यांच्या हातची जुनी चोपडी काढली. तीत नोंद स्वच्छ होती : तोडे जोड 1, कड्या 72, खिळे 2, वजन 50 तोळे.

एक तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम. ब्रिटिश अमलातला चांदीचा रुपया नेमका एक तोळा वजनाचा असे, म्हणून जुने व्यापारी रुपयाभार हेच माप धरत. त्या हिशेबाने 50 तोळ्यांचे 583 ग्रॅम व्हायला हवेत. दुकानातल्या काट्यावर तोडे ठेवले तेव्हा 575 ग्रॅम भरले. पुन्हा ठेवले, दुसऱ्या काट्यावर ठेवले. आठ ग्रॅम कमी.

आठ ग्रॅम चांदीची किंमत ती काय! एखाद्या सणाच्या मिठाईपेक्षा कमी. पण धाकटे दीर सहज म्हणाले, "किल्ली आजवर कोणाकडे असते?" त्यांच्या मनात फारसे काही नसावे, पेढीवर माल कमी भरला की गोदामाची किल्ली कोणाकडे, हा पहिला प्रश्न असतो, तोच सवयीने तोंडून गेला. मात्र घरातली किल्ली तीस वर्षे थोरल्या जाऊबाईंकडे होती. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. कमरेची किल्ली काढून त्यांनी सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून घरात सगळे नेहमीसारखे चालले होते, पण जेवताना कोणी कोणाच्या ताटाकडे पाहत नव्हते.

पुतणी त्या सुमारास रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. तोडे तिलाच मिळायचे होते, त्यामुळे तिचा जीव अधिकच कोंडला. ती मला म्हणाली, "काकू, तोडे नकोत मला. पण वजन कुठे गेले ते शोधून काढू या." आम्ही दोघी तोडे घेऊन हुपरीला गेलो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातले हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी देशभर नावाजलेले आहे; तिथे घरोघरी चांदीकाम चालते. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध कारागिरांनी डोळ्याला भिंग लावून तोडे कडीकडीने पाहिले. प्रथम त्यांनी कड्या मोजल्या. चोपडीत लिहिल्याप्रमाणे 72 भरल्या. सांधे जुने, एकाच हाताचे. कुठेही नवा डाग दिलेला नाही, कडी बदललेली नाही. मग त्यांनी कडीची बाहेरची बाजू आणि आतली बाजू शेजारी धरून आम्हांला भिंगातून दाखवली. आतल्या बाजूच्या फुलाचा एकेक रवा मोहरीसारखा टपोरा होता. बाहेरच्या बाजूचे रवे सपाट झाले होते, काही फुलांची तर नुसती सावली उरली होती. जिथे कडी कडीत अडकते तिथेही धातू पातळ झाला होता.

ते म्हणाले, "ताई, ह्यातून कुणी काही काढलं नाही. थोडी चांदी पायात चालून झिजली, आणि बाकीची तुमच्या मोरीतून वाहून गेली. राखेनं घासता ना?"

व्यापाऱ्याच्या घरात हे नवल वाटू नये. चांदीचा रुपया चलनात असताना हातोहात फिरून गुळगुळीत होई, त्यावरचा मुखवटा पुसट होई, आणि सराफ तो घेताना तोलून घेत. नाणे झिजते हे आपल्या वाडवडिलांना पक्के ठाऊक होते. पण दागिना झिजतो, आणि तो वापरण्याने जितका झिजतो तितकाच स्वच्छ करण्यानेही झिजतो, हे चोपडीत कोणी मांडले नव्हते.

परतीच्या वाटेवर पुतणीने मला जे समजावून सांगितले ते मी येथे सोप्या शब्दांत देते. चांदीवरचा काळेपणा ही बाहेरून येऊन बसलेली धूळ किंवा काजळी नव्हे. लोखंड प्राणवायूने गंजते, तशी चांदी साध्या हवेतल्या प्राणवायूने गंजत नाही. तिचे वैर गंधकाशी आहे. हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा गंधकयुक्त वायू अत्यल्प प्रमाणात असतो. दमट हवेत तो चांदीच्या पृष्ठभागाशी संयोग पावतो आणि सिल्व्हर सल्फाइड हा काळा पदार्थ तयार होतो. थर पातळ असताना तो पिवळसर दिसतो, वाढत गेला की तांबूस, मग निळसर-जांभळा आणि शेवटी काळा. पावसाळ्यात हवा ओलसर असते, म्हणून चातुर्मासातच चांदी अधिक काळवंडते आणि नेमक्या त्याच वेळी आपण ती बाहेर काढतो.

आता यातला व्यापाऱ्याला कळणारा भाग. सिल्व्हर सल्फाइडच्या वजनात शंभर भागांपैकी 87 भाग चांदी असते आणि 13 भाग गंधक. म्हणजे आपण ज्याला मळ समजून घासून टाकतो त्यातली बहुतेक आपली चांदीच असते. खाणीतून चांदी ज्या खनिजांच्या रूपाने निघते त्यांतले एक प्रमुख खनिज हेच सिल्व्हर सल्फाइड आहे. खाणीवाले जे काळे दगड फोडून चांदी काढतात, तोच काळा पदार्थ आपण राखेने खरवडून मोरीत सोडतो. शिवाय राख, रांगोळी आणि कित्येक दंतमंजने यांचे कण चांदीसारख्या मऊ धातूला ओरखडे काढतात. त्यामुळे काळ्या थराबरोबर खालची निर्मळ चांदीही थोडी थोडी जाते. चिंच आणि लिंबू यांचे आम्ल तांब्या-पितळेवरचा थर उत्तम काढते. चांदीत जे थोडे तांबे मिसळलेले असते त्यावरही ते चालते. पण चांदीचा खास काळेपणा त्या आम्लाने विरघळत नाही. तो जातो तो चिंचेबरोबर आपण लावतो त्या जोराने.

पुतणीने वहीच्या पाठीवर हिशेब मांडला. चांदीची घनता दर घन सेंटीमीटरला 10.49 ग्रॅम. तेव्हा आठ ग्रॅम म्हणजे पाऊण घन सेंटीमीटरच्या किंचित वर. तोड्यांच्या सगळ्या कड्यांचा पृष्ठभाग अंदाजाने चारशे चौरस सेंटीमीटर धरला, तर एवढी चांदी जाण्यासाठी पृष्ठभागाचा जो थर झिजावा लागेल त्याची जाडी एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग भरते. आणि तेही सत्तर वर्षांत! वर्षातून दोन-तीनदा राखेचा हात फिरला आणि तोडे पायात वागवले, तर एवढी झीज होणे मुळीच अशक्य नाही. हा ढोबळ अंदाज होता, सराफाच्या पावतीसारखा नेमका नव्हे, हे तिने स्वतःच सांगितले. पण कड्यांची संख्या आणि भिंगातली सपाट झालेली फुले ही साक्ष नेमकी होती.

त्या संध्याकाळी तिने सर्वांना बैठकीच्या खोलीत बोलावले. आधी चोपडी उघडून कड्यांची नोंद वाचली आणि धाकट्या दिरांना, म्हणजे स्वतःच्या वडिलांना, कड्या मोजायला लावल्या. मग भिंग त्यांच्या हाती दिले. त्यांनी बराच वेळ पाहिले. काही बोलले नाहीत, पण भिंग खाली ठेवताना त्यांचा चेहरा उतरला होता.

नंतर पुतणीने चांदी स्वच्छ करण्याची दुसरी रीत सगळ्यांसमोर करून दाखवली. आता आमच्या घरी हीच रीत चालते, म्हणून ती तपशिलाने लिहिते.

एक पसरट स्टीलचे पातेले घ्यावे आणि त्याच्या तळाला स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल अंथरावी. घरात जुने जर्मनचे पातेले पडून असेल तर फॉइलचीही गरज नाही. मात्र ते पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. दागिने आधी साध्या पाण्याने किंवा रिठ्याच्या पाण्याने धुऊन तेल, घाम, कुंकू काढून टाकावे. मग ते फॉइलवर असे मांडावेत की प्रत्येक दागिना फॉइलला टेकलेला राहील. हे टेकणे महत्त्वाचे, कारण सारी क्रिया त्या स्पर्शावर चालते. लिटरभर उकळत्या पाण्याला खाण्याचा सोडा चार मोठे चमचे या बेताने घालावा आणि दागिने बुडतील एवढे ते पाणी हळूच ओतावे. सोडा घालताच पाणी फसफसते, म्हणून भांडे काठोकाठ भरू नये. थोड्या वेळात उग्र, कुजकट वास येतो. खिडकी उघडी ठेवावी. हलका काळेपणा मिनिट-दोन मिनिटांत उतरतो. जुना, दाट थर असेल तर दागिना चिमट्याने उलटावा आणि पाच-दहा मिनिटे ठेवावे; तरीही राहिल्यास नवे गरम पाणी आणि नवी फॉइल घेऊन पुन्हा करावे. शेवटी स्वच्छ पाण्यातून काढून मऊ सुती कापडाने अगदी कोरडे करावे. काही जण या पाण्यात मीठही घालतात. आम्ही घालत नाही, कारण मिठाचा अंश सांध्यांत राहिला तर चांदीवर डाग पडतात.

यात घडते ते असे : गंधकाची ओढ चांदीपेक्षा अॅल्युमिनियमकडे अधिक असते. सोड्याचे गरम पाणी अॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर सैल करते आणि दोन धातूंच्या मधला दुवा होते. काळ्या थरातला गंधक चांदीला सोडतो. मोकळी झालेली चांदी बहुतांश जागच्या जागी राहते, फॉइल मात्र काळपट होते, आणि सुटलेल्या गंधकाचाच तो वास. घासणे नाही, खरवडणे नाही. त्या संध्याकाळी तोडे पातेल्यातून बाहेर निघाले तेव्हा पांढरे झाले होते आणि काट्यावर पूर्वीइतकेच, 575 ग्रॅम भरले. कधी कधी अशी चांदी आरशासारखी चमकत नाही, दुधी दिसते. कोरड्या मलमलीने हलक्या हाताने पुसली की तेज येते.

ही रीत सर्वच दागिन्यांना चालत नाही. मोती आणि प्रवाळ सोड्याच्या गरम पाण्यात कधीही घालू नयेत. चिकटवलेले खडे निघून येतात. मीनाकाम आणि सोन्याचा मुलामा असलेले जिन्नस फक्त ओल्या मऊ कापडाने पुसावेत. नक्षी उठून दिसावी म्हणून ज्या दागिन्यांच्या खोलगट भागांत कारागिराने मुद्दाम काळा रंग ठेवलेला असतो, ते या पाण्यात बुडवले तर तोही रंग उतरतो आणि नक्षी निर्जीव दिसू लागते. जुने पोकळ गोठ किंवा वाळे आतून लाखेने भरलेले असू शकतात. गरम पाण्याने लाख मऊ होऊन बाहेर येते. शंका आली तर दागिना जाणत्या कारागिराला दाखवावा. बाजारात बुडवताच चमकवणारी जी तयार द्रावणे मिळतात त्यांत बहुधा आम्ल असते. ती वापरलीच तर क्षणभरच वापरावीत आणि दागिना भरपूर धुवावा. पॉलिशला देतानाही वजन करून द्यावे आणि वजन करून घ्यावे. तेजाब चांदी विरघळवते, आणि विरघळलेली चांदी आपल्याकडे परत येत नाही.

आपल्या आचाराच्या दृष्टीने दोन शब्द. घरची ही साधी क्रियाही यतनेने करता येते. पाणी गाळून घ्यावे. ते उकळायचेच असल्याने प्रासुक होतेच. नळाखाली तासभर घासण्यापेक्षा यात पाणी फार थोडे लागते. काम झाल्यावर ते गरम पाणी तसेच मोरीत ओतू नये. मोरीत आणि तिच्या कडेने मुंग्या आणि सूक्ष्म जीव असतात. पाणी पूर्ण निवू द्यावे, मगच टाकावे. ब्रश घेताना तो कशाचा आहे हे विचारावे, कारण दागिन्यांसाठी मिळणारे काही मऊ ब्रश डुकराच्या केसांचे असतात. नायलॉनचा मऊ ब्रश तेवढेच काम करतो. चमक आणण्यासाठी काही ठिकाणी हरणासारख्या जनावराचे मऊ कातडे वापरतात. आपल्या घरी जुन्या धोतराची किंवा मलमलीची चिंधी असताना त्याची गरज काय?

पुन्हा पुन्हा स्वच्छ करण्यापेक्षा काळे पडू न देणे केव्हाही बरे. आपल्या घरात कांदा-लसूण नसतो, अंडी नसतात, मग गंधक कोठून येते, असे मला कोणी विचारले होते. गटाराची हवा तर सर्वत्र आहे. पण आपल्या फोडणीतला हिंगही गंधकाच्या संयुगांनीच दरवळतो. हिंगाची डबी आणि चांदीची वाटी एका फडताळात ठेवू नये. रबराला टिकाऊ करताना त्यात गंधक घालतात, म्हणून चांदीच्या भांड्यांना रबराचे पट्टे लावू नयेत. लोकरीतही गंधक असते. लोकरीच्या कापडात चांदी गुंडाळू नये. प्रत्येक जिन्नस धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या सुती कापडात बांधून हवाबंद पिशवीत ठेवावा आणि पिशवीत दमट हवा शोषणारी सिलिका जेलची पुडी टाकावी. याहून सोपा उपाय म्हणजे चांदी वापरणे. रोजच्या पूजेतले ताट आणि रोज पायात असणारे पैंजण तिजोरीतल्या जिनसांइतके काळवंडत नाहीत. हाताचा, कपड्याचा हलका स्पर्श थर साचू देत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत कमी-अधिक मापाने तोलणे आणि अस्सल म्हणून नकली माल देणे हे दोन आहेत. आपल्या पेढ्यांवर या दोहोंची आठवण पिढ्यानपिढ्या जागी ठेवली गेली, म्हणूनच वजनात फरक दिसला की आपले मन ताबडतोब खडबडते. ही सावधगिरी चांगली आहे. पण दुकानातली सावधगिरी घरात आणताना एक भेद ध्यानात ठेवायला हवा. दुकानात वजन कमी भरले तर आपण आधी काटा तपासतो, मग पोते तपासतो, गळती कोठे आहे ते पाहतो. माणसाकडे सर्वांत शेवटी वळतो. घरात मात्र आपण पहिल्याच पावलाला माणसापाशी पोचतो. ज्या गोष्टीचे उत्तर भिंगात आणि चोपडीत होते ते आमच्या घरात चार दिवस जाऊबाईंच्या चेहऱ्यावर शोधले जात होते.

प्रवचनांतून जीव आणि कर्म यांच्या बंधाला क्षीर-नीराची उपमा आपण ऐकतो. दोन वस्तू एकमेकींत इतक्या मिसळतात की एकच भासाव्यात, तरी त्या वेगळ्या करता येतात. पातेल्यातली चांदी पाहताना मला ती उपमा आठवली. काळा थर चांदीहून वेगळा काढायचा तर आतला गंधक सुटावा लागतो. वरून घासले तर मळ जातो आणि चांदीही जाते. माणसाच्या बाबतीतही काही वेगळे नसावे. राग, मान, संशय यांनी काळवंडलेल्या नात्यावर शब्दांची राख घासली तर ते वरून स्वच्छ दिसते, पण दर वेळी थोडे पातळ होते. अर्थात कोणतीही उपमा शेवटपर्यंत नेऊ नये. चांदी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा काळी पडणार. मुक्त जीवाला पुन्हा बंध नाही.

त्या वर्षी संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर धाकटे दीर सर्वांत आधी थोरल्या जाऊबाईंपुढे गेले. 'मिच्छामि दुक्कडम्' आपण त्या दिवशी शेकडो जणांना म्हणतो. त्यांनी ते हात जोडून, नजर खाली घालून म्हटले आणि पुढे म्हणाले, "वहिनी, किल्लीचा प्रश्न मी विचारायला नको होता." जाऊबाईंनी डोळे टिपले आणि "भाऊजी, मीही चार दिवस मनात धरून बसले, मलाही क्षमा करा," एवढेच म्हटले. सासूबाईंनी आपल्याजवळची किल्ली काढून जाऊबाईंच्या हाती परत दिली. कोणी त्यावर भाष्य केले नाही. जेवायला बसल्यावर धाकट्या दिरांनी वहिनींच्या ताटात आग्रहाने वाढले, त्यावरून घर पुन्हा रुळावर आल्याचे कळले.

झिजलेल्या फुलांमुळे तोडे जुनाट दिसतात, ते मोडून तेवढ्याच वजनाचे नवे घ्यावेत, अशीही एक सूचना मध्यंतरी आली होती. मोड दिली की घडणावळ जाते, घट धरली जाते, आणि आजेसासूबाईंच्या पायातून झिजलेल्या कड्या आटणीच्या मुशीत जातात. पुतणीने ते मानले नाही. बाहेरची फुले पुसट असली तरी आतली सगळी शाबूत आहेत, असे तिचे म्हणणे. ती आता नोकरीनिमित्त परगावी असते, पण सणाला घरी आली की ते तोडे पायात घालते.

तोडे तिच्या स्वाधीन करताना सासूबाईंनी जुनी चोपडी मागवली. आजेसासऱ्यांच्या नोंदीखाली जागा होती. सासूबाईंनी सांगितले आणि थोरल्या जाऊबाईंनी आपल्या हाताने लिहिले : 'तोडे जोड 1, कड्या 72, खिळे 2, वजन आज रोजी 575 ग्रॅम. आठ ग्रॅम वापरात आणि घासण्यात गेले. यापुढे राखेने घासू नयेत.'